पोटावर उतरलेलं जुनं लढाऊ विमान: उडवायचं, जपायचं की तसंच सोडायचं?

खडकीकर

११ सप्टेंबर १९९१. ब्रिटिश हवाई दलाच्या स्मृती-ताफ्यातलं (महायुद्धातली विमानं उडती ठेवणारा ताफा) हरिकेन लढाऊ विमान, क्रमांक एलएफ ३६३, जर्सी बेटाकडे निघालं होतं. वाटेत इंजिनाने दगा दिला. वैमानिकाने ते इंग्लंडमधल्या विटरिंगच्या तळाकडे वळवलं, विमान धावपट्टीवर आपटलं आणि पेटलं. वैमानिक घोटा मोडून, थोडाफार भाजून, पण जिवंत बाहेर पडला. विमान मात्र जळालं.

१९४४ सालचं विमान. दुरुस्तीला पैसे नाहीत. मग हवाई दलाने ताफ्यातलं एक धडधाकट स्पिटफायर, पीएस ८५३, चक्क विकून टाकलं आणि त्या पैशातून हे हरिकेन पुन्हा उभं केलं. सप्टेंबर १९९८ मध्ये ते उडालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मला हा व्यवहार पटत नाही. एक तर चांगलं विमान विकून जळकं घेतलं. दुसरं म्हणजे सात वर्षांनी जे उडालं त्यात १९४४ चं किती आणि नवं किती? माझं मत असं की पडलेलं विमान पडलेल्या अवस्थेतच जपावं. वाकलेली पाती, फाटलेला पत्रा, सगळं तसंच. तोच त्याचा इतिहास.

तुम्हाला काय वाटतं? 'तांत्रिक बाजू माहीत नसताना लिहू नये' असं सांगायला येणाऱ्यांनी कृपया ती बाजू सांगूनच जावं.

चहाबाज

जागा धरून ठेवतो. जेवून येतो.

मंगळवारपेठी

बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा. हरिकेनचा कार्ब्युरेटर नाही मिळाला तर निदान पितळी अडकित्ता तरी मिळेल.

निवृत्त_मेकॅनिक

खडकीकर, शेवटची ओळ माझ्यासाठीच लिहिलेली दिसते. तर बसा आता.

विमान चाकं न उघडता पोटावर उतरलं की जमिनीला सगळ्यात आधी लागतो पुढचा पंखा. इंजिन फिरत असेल तर पात्यांना बसलेला दणका शाफ्टमधून गिअरबॉक्सला आणि तिथून क्रँकशाफ्टला जातो. बाहेरून इंजिन ठणठणीत दिसतं. पण ते पूर्ण उघडून, एकेक भाग चिरांसाठी तपासल्याशिवाय कुणी शहाणा माणूस परत बसवत नाही. मर्लिन, म्हणजे हरिकेनचं इंजिन, हे १२ सिलिंडरचं, २७ लिटरचं धूड. ते उघडणारे हात आता जगात मोजकेच उरलेत, त्यामुळे खर्चाचा मोठा वाटा इथेच जातो. पाती लाकडी असतील तर नशीब. ती तुकडे होऊन उडून जातात आणि बराचसा दणका सोबत घेऊन जातात. धातूची पाती वाकतात, तेव्हा झटका सरळ इंजिनात.

नंतर पोटाखालचं सामान. हरिकेनचा रेडिएटर बरोबर पोटाखाली असतो, तो पहिल्यांदा चिरडतो. स्पिटफायरचे पंखांखाली.

आता महत्त्वाचं. हरिकेनचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, मागच्या भागावर लाकडी पट्ट्या आणि वर ताणलेलं कापड. नळी वाकली तर ती बदलायची. स्पिटफायरचा पत्रा स्वतः भार उचलतो, त्यामुळे पत्र्याला लागलं म्हणजे हाडाला लागलं. म्हणून १९४० मध्ये चाळणी झालेलं हरिकेन बऱ्याचदा तळावरच ठीक होऊन संध्याकाळी परत वर जायचं.

पण आग वेगळी. तापलेलं ड्युरल्युमिन (विमानाच्या पत्र्याचा अॅल्युमिनियमचा मिश्रधातू) दिसायला शाबूत असलं तरी त्याची ताकद गेलेली असते. तो पत्रा काचेच्या कपाटात चालेल, हवेत नाही. त्यामुळे एलएफ ३६३ मध्ये नवं बरंच घालावं लागलं असणार, हे खडकीकरांचं म्हणणं रास्त. 'म्हणून उडवू नये' हे मात्र मान्य नाही.

सदाशिव_दोन_मजले

आमच्या पेठेत हे रोज चालतं. वाडा पाडतात, सहा मजली इमारत बांधतात, जुनी दगडी पाटी नव्या दारावर लावतात आणि सांगतात 'हाच तो आमचा वाडा'. जुन्या विमानांचा धंदाही त्याच रीतीने चालतो. कारखान्याने बसवलेली क्रमांकाची छोटी पट्टी आणि चार जुने तुकडे हातात असले की बाकीचं सगळं नवं घडवून 'हेच ते १९४० चं विमान' म्हणता येतं. कागदावर ते खरंही असतं.

खडकीकर

@सदाशिव_दोन_मजले, नेमकं हेच म्हणायचं होतं. @निवृत्त_मेकॅनिक, काका, धन्यवाद. पण तुम्हीच म्हणताय की जळका पत्रा चालत नाही. मग जे उडालं ते काय होतं?

निवृत्त_मेकॅनिक

विमान होतं. विमानाचे भाग पहिल्या दिवसापासून बदलतच असतात. १९४४ ते १९९१ या काळात त्याचं इंजिन, टायर, कापड बदललं नव्हतं असं वाटतं का तुम्हाला?

अश्विनी_कोथरूड

पट्टीवाल्या मुद्द्याला पुस्ती. स्पिटफायर पी ९३७४ बघा. २४ मे १९४० ला डंकर्कच्या माघारीच्या धामधुमीत त्याचा वैमानिक पीटर कॅझेनोव्ह याने फ्रान्समधल्या कॅलेच्या किनाऱ्यावर ते पोटावर उतरवलं. भरती-ओहोटीने हळूहळू वाळूत गेलं. १९८० मध्ये वाळू सरकली आणि सांगाडा वर आला. पुढे इंग्लंडमधल्या डक्सफर्डला त्याची बांधणी झाली, २०११ मध्ये उडालं आणि २०१५ मध्ये लिलावात ३१ लाख पौंडांना गेलं. चाळीस वर्षं खाऱ्या पाण्यात पडलेला अॅल्युमिनियमचा पत्रा काय अवस्थेत असतो ते मेकॅनिक काकांना विचारा. म्हणजे उडालं त्यातलं बहुतेक नवंच.

तरीही मला ते आवडतं. लिलावाचे पैसे हवाई दलाच्या कल्याण निधीला आणि वन्यजीवांच्या कामाला गेले. आणि त्याच मालकांनी दुसरं स्पिटफायर, एन ३२००, डक्सफर्डच्या संग्रहालयाला देऊन टाकलं. तेही दोनच दिवसांनी, २६ मे १९४० ला, तिथल्याच किनाऱ्यावर उतरलेलं. वाळूत पडून राहिली असती तर दोन्ही गेली असती.

चहाबाज

जेवून आलो. ३१ लाख पौंडात खडकीत किती वन बीएचके येतील याचा हिशोब करतोय.

मंगळवारपेठी

@चहाबाज, पार्किंगसकट की विना?

सायली_म

मला वाटतं, दोन्ही बाजूंचं उत्तर नॉर्वेच्या तळ्यांत आहे. दोन हॅलिफॅक्स बॉम्बर विमानं, दोन्ही तळ्यातून काढलेली.

पहिलं, डब्ल्यू १०४८. एप्रिल १९४२ मध्ये जर्मन युद्धनौका टिरपिट्झवर हल्ला करायला गेलं. गोळे लागले, वैमानिकाने गोठलेल्या होक्लिंगेन तळ्यावर पोटावर उतरवलं. सगळे वाचले. बर्फ वितळलं आणि विमान तळाशी गेलं. १९७३ मध्ये पाण्यात बुडी मारणाऱ्यांनी वर काढलं. आज ते लंडनच्या हेन्डनमधल्या संग्रहालयात जवळपास तळ्यातून आलं तसंच ठेवलेलं आहे. गंजलेलं, फाटलेलं.

दुसरं, एनए ३३७. एप्रिल १९४५ मध्ये पाडलं गेलं, म्योसा तळ्यात बुडालं. एकच जण वाचला. १९९५ मध्ये वर काढून कॅनडातल्या ट्रेंटनला नेलं आणि दहा वर्षं खपून पूर्ण उभं केलं. रंग, बंदुका, काचा, सगळं. उडत नाही, पण आत्ता कारखान्यातून आल्यासारखं दिसतं.

मी दोन्हींचे फोटो शेजारी ठेवून बराच वेळ बघितलेत. पहिल्यासमोर काय घडलं ते कळतं. दुसऱ्यासमोर ते कसं होतं ते कळतं. जगात हॅलिफॅक्स उरलीच मूठभर, त्यातलं एक असं आणि एक तसं ठेवलं हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

खडकीकर

@सायली_म, सुंदर प्रतिसाद. हेन्डनचं हॅलिफॅक्स हाच माझा आदर्श.

दुरून_डोंगर

हेन्डनला मुलगा घेऊन गेला होता. नातू म्हणाला, "आजोबा, हे तुटकं का ठेवलंय?" शेजारच्या चकचकीत विमानापाशी तो जास्त रमला. लहान मुलांचा कौल हवा असेल तर हा घ्या.

लोहगावची_लेक

इतकं सगळं इंग्लंड-नॉर्वेचं चाललंय म्हणून आपल्या अंगणातलं सांगते. (अवांतर वाटलं तर संपादकांनी उडवावं.)

महायुद्ध संपल्यावर कानपूरच्या तळावर लिबरेटर बॉम्बर विमानांचा ढीग पडला होता. ती परत नेणं परवडेना आणि दुसऱ्या कुणी वापरायलाही नकोत, म्हणून जाताना त्यांची पद्धतशीर मोडतोड केलेली. म्हणजे अपघातसुद्धा नाही, मुद्दाम केलेलं भंगार. १९४८ मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्या ढिगातून एकाचं शेपूट, दुसऱ्याचं इंजिन असं करत चाळीसेक विमानं उडण्याजोगी केली. कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी ती एकेक करून बंगळूरला घेऊन गेले आणि तिथे खरी दुरुस्ती झाली. जोडून-जाडून उभं केलेलं चार इंजिनांचं विमान घेऊन उत्तर प्रदेशातून कर्नाटकापर्यंत जायचं, तेही पुन्हा पुन्हा!

त्यातली काही आपल्या लोहगावला, सहाव्या स्क्वाड्रनमध्ये आली. समुद्रावर टेहळणीचं काम. १९६८ पर्यंत भारताने ती वापरली, बाकी जगाने कधीच मोडीत काढली होती. आणि आज लंडन, अॅरिझोना, कॅनडा इथल्या संग्रहालयांत जी लिबरेटर उभी आहेत ती भारतीय हवाई दलाकडून गेलेली. ज्यांनी मोडली त्यांच्याच देशात आपण नीट करून परत पाठवली.

खडकीकर, तुमच्या तत्त्वाने कानपूरचा ढीग ढीगच राहिला असता.

अश्विनी_कोथरूड

@लोहगावची_लेक, अगदी सहमत. लोहगावला लिबरेटर होती हे मला माहीतच नव्हतं.

निवृत्त_मेकॅनिक

पुढे त्याच स्क्वाड्रनला एअर इंडियाची जुनी सुपर कॉन्स्टेलेशन प्रवासी विमानं मिळाली. त्यांतलं एक गोव्याच्या नौदल विमान संग्रहालयात आहे, दाबोळीला जाणाऱ्यांनी वाट वाकडी करून बघावं. आणि दाबोळीचं नाव निघालंच आहे तर: १८ डिसेंबर १९६१ ला त्या धावपट्टीवर बॉम्ब टाकणारी कॅनबेरा विमानं पुण्याहूनच उडाली होती.

खडकीकर

काका, धाग्याचा विषय पोटावर उतरलेली विमानं हा आहे. गोव्याची सहल नाही.

निवृत्त_मेकॅनिक

धावपट्टीवर खड्डे पडले की विमानं पोटावरच उतरतात. विषयाला धरूनच आहे.

चहाबाज

हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

कुणीएक

एक मुद्दा कुणीच काढला नाही. त्या विमानात माणसं गेली होती का?

आपल्या हवाई दलाचं एएन-१२ वाहतूक विमान ७ फेब्रुवारी १९६८ ला रोहतांगच्या परिसरात हरवलं. आत १०२ जण. २००३ मध्ये हिमनदीत पहिले अवशेष दिसले आणि २०२४ पर्यंत मृतदेह मिळत राहिले. तिथे विमान वर काढा, रंगवा, मांडा असं कुणाच्या मनात येईल का? तिथे शोध माणसांचा. कॅले किंवा होक्लिंगेनला सगळे जिवंत बाहेर आले, म्हणून त्या पत्र्याकडे आपल्याला कौतुकाने बघता येतं. सायलीताईंच्या दुसऱ्या हॅलिफॅक्समध्ये एक सोडून सगळे गेले. ते चकचकीत रंगवलेलं मला जरा खुपतं.

सायली_म

@कुणीएक, मलाही आधी खुपलं होतं. पण एकमेव वाचलेल्या शेपटीच्या तोफचीला आणि बाकीच्यांच्या घरच्यांना ते विमान गाळात राहायला हवं होतं की उभं, हे ठरवणारे आपण कोण, असं वाटून गप्प बसले.

पुणेरी_पगडीविना

सगळे भावनेत वाहवत चाललेत, म्हणून थोडं थंड पाणी.

२ ऑक्टोबर २०१९, अमेरिकेत कनेटिकट. 'नाइन-ओ-नाइन' नाव रंगवलेलं बी-१७ बॉम्बर, पैसे घेऊन हौशी प्रवाशांना फिरवणारं. उड्डाणानंतर लगेच इंजिनाचा त्रास, परत उतरताना आदळलं, सात जण गेले. तपासात वैमानिकाच्या चुकांबरोबर ढिसाळ देखभालही निघाली. २५ मे २०२४, इंग्लंड. ज्या ताफ्यातलं हे हरिकेन, त्याच ताफ्यातलं स्पिटफायर पडलं आणि वैमानिक गेला.

ऐंशी वर्षांची यंत्रं. एका तरुण वैमानिकाच्या जिवापेक्षा मर्लिनचा आवाज मोठा आहे का? इतिहास जमिनीवरही नीट सांगता येतो. मी खडकीकरांच्या बाजूने, पण वेगळ्या कारणासाठी.

निवृत्त_मेकॅनिक

@पुणेरी_पगडीविना, हा या धाग्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप आहे आणि माझ्याकडे त्याला पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणेन की स्वतःच्या मर्जीने, धोका ओळखून उडणारा लष्करी वैमानिक वेगळा आणि तिकीट काढून मागे बसलेला पर्यटक वेगळा. दुसऱ्याला या विमानांत बसवूच नये.

अश्विनी_कोथरूड

आणि घाईही नको. ग्रीनलंडच्या दोन गोष्टी शेजारी ठेवा.

१५ जुलै १९४२: इंग्लंडकडे निघालेली सहा पी-३८ लढाऊ विमानं आणि दोन बी-१७ बॉम्बर खराब हवेमुळे बर्फावर उतरली. सगळे २५ जण वाचले. विमानांवर बर्फ साचत गेलं. १९९२ मध्ये एक पी-३८ बाहेर काढलं तेव्हा ते ८० मीटरहून जास्त खोल होतं! गरम पाण्याने बर्फात विहीर वितळवून माणसं खाली उतरली, विमान सुटं केलं, तुकड्या-तुकड्यांनी वर आणलं. तिथल्या एका बी-१७ चा मात्र बर्फाच्या वजनाने चेंदा झालेला. दहा वर्षं निगुतीने काम करून २००२ मध्ये ते पी-३८ उडालं. तेच 'ग्लेशियर गर्ल'.

दुसरं 'की बर्ड', बी-२९ बॉम्बर. फेब्रुवारी १९४७ मध्ये उत्तर ग्रीनलंडमध्ये गोठलेल्या तळ्यावर उतरलं. थंड कोरड्या हवेत जवळजवळ जसंच्या तसं राहिलं. १९९४ मध्ये डॅरिल ग्रीनअमायर यांच्या चमूने तिथेच नवी इंजिनं बसवली. सुटं करून नेण्याऐवजी तिथूनच उडवून न्यायचं असा हट्ट. १९९५ मध्ये बर्फावर पळवत असताना मागच्या भागातल्या छोट्या जनरेटरच्या इंधनाने पेट घेतला आणि विमान खाक झालं. त्यांचा मुख्य मेकॅनिक आदल्याच वर्षी त्या मोहिमेत आजारी पडून गेला होता.

४८ वर्षं हवेने सांभाळलं आणि माणसांनी त्याची एका दिवसात राख केली.

पुणेरी_पगडीविना

की बर्डचं वाचून जेवण गेलं नाही.

दुरून_डोंगर

आणि न काढता नुसती रंगरंगोटी केली तर काय होतं ते इजिप्तमधल्या किटीहॉक लढाऊ विमानाला विचारा. जून १९४२ मध्ये वाळवंटात उतरलेलं, २०१२ मध्ये सापडलं. सत्तर वर्षं कोरड्या वाळूत असं टिकलं होतं की बघून काटा यावा. आता अल अलामीनच्या संग्रहालयात आहे, पण त्याला असा रंग फासलाय की गणपतीच्या देखाव्यातलं वाटावं. खडकीकर, 'तसंच ठेवा' म्हणणारे तुम्ही इथे मात्र शंभर टक्के बरोबर.

मंगळवारपेठी

देखाव्याला नावं ठेवू नका. आमच्या मंडळाचं विमान हलायचं तरी.

बनारसी_पुणेकर

उशिरा आलो. हरिकेनचा विषय आणि बनारसचं नाव नाही? आर ४११८ हे हरिकेन १९४० च्या ब्रिटनच्या लढाईत प्रत्यक्ष लढलेलं. नंतर शिक्षणासाठी म्हणून भारतात आलं आणि १९४७ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला मिळालं. पुढे उघड्यावर पडून राहिलं. जुन्या रोल्स रॉइस मोटारींच्या शोधात आलेल्या पीटर वॅचर यांनी ते १९८२ मध्ये पाहिलं. खरेदी झाली थेट २००१ मध्ये! डिसेंबर २००४ मध्ये इंग्लंडमध्ये उडालं.

ते गेलं याचं वाईट वाटतं. पण इथे राहिलं असतं तर आणखी वीस पावसाळे झेलले असते.

लोहगावची_लेक

@बनारसी_पुणेकर, हा राग मला दोन्ही बाजूंनी येतो. गेलं म्हणूनही आणि आपण सांभाळलं नाही म्हणूनही. चौकाचौकात खांबावर बसवलेल्या विमानांच्या इंजिनात पारवे घरटी करतात ते बघा. त्या मानाने घोरपडीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकातलं मिग-२३ बघायला मला आवडतं. कारगिलच्या वेळचं आहे, आणि ते स्मारक लोकांच्या वर्गणीतून उभं राहिलेलं आहे.

निवृत्त_मेकॅनिक

मूळ प्रश्नावर परत येतो, कारण खडकीकरांनी एक अर्धवट गोष्ट सांगून ठेवलीय. विकलेल्या स्पिटफायरचं, पीएस ८५३ चं, पुढे काय झालं? १९९६ मध्ये ते रोल्स रॉइसकडे गेलं, म्हणजे ज्यांनी त्याचं इंजिन बनवलं त्यांच्याकडेच. तिथे त्याला मेकॅनिक, सुटे भाग आणि पैसा, तिन्ही मिळाले. हिशोब मांडा: आधी एक स्पिटफायर आणि एक जळकं हरिकेन. नंतर एक उडतं स्पिटफायर आणि एक उडतं हरिकेन. तोटा कुणाचा झाला?

खडकीकर

तोटा जळक्या हरिकेनचा झाला. ते आता कुठेच नाही. विटरिंगला काय घडलं हे दाखवणारी एकही वस्तू माझ्या माहितीप्रमाणे लोकांसमोर उरलेली नाही, उरलेत फक्त फोटो. काका, तुमचा हिशोब विमानांच्या संख्येचा आहे, माझा पुराव्याचा.

सायली_म

मग आपल्या ताफ्याला लावून बघू. भारतीय हवाई दलाचं 'परशुराम' हे डाकोटा वाहतूक विमान, जे २०१८ मध्ये इंग्लंडहून उडत आलं. त्यावर व्हीपी ९०५ हा क्रमांक रंगवलाय, २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाचा. समजा उद्या चाकं उघडली नाहीत आणि ते पोटावर उतरलं (न उतरो). काय कराल?

निवृत्त_मेकॅनिक

डाकोटाची चाकं मिटली तरी थोडी बाहेर राहतात, त्यामुळे पोटावर उतरलं तरी बाकीच्यांपेक्षा कमी हानी. शिवाय डाकोटा हजारोंनी बनली, सुटे भाग अजून मिळतात. पंखे आणि दोन्ही इंजिनं उघडायची, खालचा पत्रा बदलायचा, उडवायचं. एक दिवस विचार करायची गरज नाही.

पण दिल्लीतल्या पालमच्या संग्रहालयातलं वापिती विमान घ्या. १ एप्रिल १९३३ ला आपल्या हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली ती याच प्रकारच्या चार विमानांवर. जगात पूर्ण असं ते एकच उरलंय. त्याला मी इंजिन सुरू करायलासुद्धा हात लावू देणार नाही, मग कुणी कितीही पैसे देवो.

खडकीकर

वापितीबद्दल एकमत. डाकोटाचा वाकलेला पंखा मात्र फेकायचा नाही, शेजारी मांडायचा. एवढं तरी कबूल करा.

निवृत्त_मेकॅनिक

पंखा घ्या. इंजिन माझं.

चहाबाज

वाटणी झालेली दिसते. @लोहगावची_लेक, लोहगावच्या लिबरेटरचा जुना फोटो कुणाकडे असेल तर इथे टाका ना. आमच्या सोसायटीत हवाई दलातले एक आजोबा आहेत, त्यांनाही विचारतो.